परदेशातले संप, आपण एनआरआय मंडळी आणि आपलं गिरणगाव

मधुरा_परळ

आमच्या ओळखीत फ्रान्स, जर्मनी, यूकेला राहून आलेले किंवा अजून तिकडेच असलेले बरेच मराठी लोक आहेत आणि संपाचा विषय निघाला की बहुतेकांचं एकच पालुपद असतं, तिकडे सगळं छान आहे पण हे लोक सारखे संप करतात, कामं करायला नकोत यांना. हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं म्हणून हा धागा. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मी पॅरिसच्या उपनगरात बरीच वर्षं होते, आता नवऱ्या-मुलासकट परळला परत आलेय. २०२३ चं पेन्शनचं आंदोलन मी पहिल्यापासून शेवटपर्यंत तिथे बघितलं. माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, सरकारने निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करायचं ठरवलं आणि पूर्ण पेन्शनला ४३ वर्षं वर्गणी भरलेली पाहिजे असं केलं. आठ मोठ्या युनियन एकत्र आल्या. ७ मार्चच्या मोर्चांना देशभरात सरकारच्या आकड्याप्रमाणे १२.८ लाख आणि सीजीटी युनियनच्या आकड्याप्रमाणे ३५ लाख लोक होते, कुठलाही आकडा धरा, कमी नाहीये. १६ मार्चला पंतप्रधान एलिझाबेथ बोर्न यांनी घटनेचं कलम ४९.३ वापरून खालच्या सभागृहात मतदान न घेताच विधेयक पुढे रेटलं आणि १४ एप्रिलला कायदा झालासुद्धा.

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या महिन्यात काय फिरत होतं? कचऱ्याचे फोटो. सफाई कामगार संपावर होते, पॅरिसमध्ये हजारो टन कचरा साठला होता हे खरंय, फुटपाथवर माझ्या खांद्याएवढा ढीग होता आणि वास असह्य होता. पण त्या फोटोंबरोबर हे कोणी लिहिलं नाही की या लोकांचं निवृत्तीचं वय ५७ होतं ते ५९ होणार होतं. पहाटेपासून गाडीच्या मागच्या पायरीवर उभं राहून डबे ओढणाऱ्या माणसाला अजून दोन वर्षं ओढ म्हणायचं असेल तर त्याने निदान नाही म्हणू नये का?

आता त्रास किती होतो ते सांगते कारण मला तो झालाय. मुलाच्या शाळेत संप असला की आधी त्याच्या वहीत एक चिठ्ठी चिकटवून यायची, अमुक गुरुवारी बाई येणार नाहीत, कॅन्टीन बंद, डबा द्या. शिक्षकांना आपण संपावर जाणार हे ४८ तास आधी कळवावं लागतं आणि २५ टक्के किंवा जास्त शिक्षक जाणार असतील तर नगरपालिकेने मुलं सांभाळायची सोय करायची असा २००८ चा कायदा आहे. रेल्वे-मेट्रोत युनियनने ५ दिवस आधी नोटीस द्यायची, कर्मचाऱ्याने ४८ तास आधी स्वतःचं नाव कळवायचं, मग आदल्या संध्याकाळी कुठली गाडी धावणार त्याची यादी लागते. मेट्रोच्या १ आणि १४ नंबर लाईन ड्रायव्हरशिवायच्या, त्या चालूच राहायच्या, मी त्या लाईनपर्यंत चालत जायचे. संपाच्या दिवसाचा पगार कापला जातो, कोणी फुकट सुट्टी घेत नाही. संपाचा हक्क १९४६ च्या घटनेच्या प्रस्तावनेत लिहिलेला आहे आणि तो कसा वापरायचा त्याचे नियम आहेत, मला या दोन गोष्टी एकत्र असणं फार महत्त्वाचं वाटतं.

आणि वर्षाला पाच आठवडे भरपगारी रजा घेऊन आपण सगळे मे महिन्यात गावाला यायचो ना, ती रजा आली कुठून? १९३६ साली लाखो कामगार कारखाने अडवून आतच बसले तेव्हा दोन आठवडे आणि ४० तासांचा आठवडा मिळाला. वाढत वाढत पाचवा आठवडा आला तो १६ जानेवारी १९८२ च्या वटहुकुमाने. ही तारीख बघून मी चरकले. कारण त्यानंतर दोनच दिवसांनी, १८ जानेवारी १९८२ ला, मुंबईतले अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. माझे आजोबा साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते, ते त्यातले एक.

तिकडच्या पाचव्या आठवड्याची रजा मी उपभोगली. इकडे संप फसला, गिरण्या बंद पडत गेल्या, ते आपण सगळे जाणतो आणि त्यातून आपल्या घराघरात एकच धडा शिकवला गेला, संपाच्या नादी लागू नको. तो धडा मला मान्य नाही. गिरणगाव संपामुळे बुडालं हे अर्धंच खरं आहे. मुंबईत १९४६ चा बीआयआर (बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स) कायदा होता, त्यात एका उद्योगात एकच मान्यताप्राप्त प्रतिनिधी युनियन, राष्ट्रीय मिल मजदूर संघ. बोलणी फक्त त्यांच्याशीच होणार. कामगार संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे गेले तरी कायद्याने सामंत टेबलावर बसूच शकत नव्हते. बोनस, पगारवाढ या मागण्या होत्याच पण हा कायदा रद्द करा हीसुद्धा मागणी होती. ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी बोलायला कायदाच आडवा येत असेल तर संप मिटणार कसा?

तिकडे राहणाऱ्यांना, राहून आलेल्यांना काय वाटतं ते वाचायला आवडेल.

---

साधा_प्रवासी_डोंबिवली

ताई लेख चांगलाय पण एक बाजू राहिली. तुमची लाईन १४ चालू असते, आमच्या गावाला दिवसातून दोनच एसट्या येतात. २०२१ च्या नोव्हेंबरपासून पार २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला, राज्य सरकारात विलीनीकरण पाहिजे म्हणून. माझी बहीण पाटण तालुक्यात असते, तिची पोरगी बारावीला, रोज वडाप (खाजगी जीप) पकडून जायची, भाडं दुप्पट तिप्पट. एसटी कामगाराचा पगार कमीच होता, त्याची मागणी रास्त होती, मान्य. पण मार बसला तो त्याच्याहून गरीब माणसाला. मंत्र्याला एसटी लागत नाही. फ्रान्समध्ये पण हेच होत असणार, ज्याला घरून काम करता येतं तो घरी बसतो आणि हॉटेलात भांडी घासणारा दोन तास पायपीट करतो. ते भांडी घासणारे बरेचसे बाहेरून आलेलेच असतात ना?

मधुरा_परळ

@साधा_प्रवासी, हो, बरोबर आहे. आमच्या बिल्डिंगची साफसफाई करणारी बाई श्रीलंकेची होती, तमिळ, संपाच्या दिवशी पहाटे चारला निघायची. मी तिला विचारलं होतं राग येत नाही का, तर म्हणाली माझ्या मालकाचा येतो, उशीर झाला की पैसे कापतो. तुमचा मुद्दा खोडत नाहीये, पण तिने राग कुठे ठेवला ते मला महत्त्वाचं वाटलं.

एसटीबद्दल, किमान सेवा ठरवलेली असती, आठवड्याला एक दिवस असा टप्प्याटप्प्याने संप करता आला असता, तर पाच महिने ताणलं गेलं असतं का? आपल्याकडे दोनच गोष्टी माहीत, एकतर बेमुदत नाहीतर मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवेत संपबंदीचा कायदा.

---

राईनकाठी

जर्मनीत आहे, कोलोनजवळ. इथे फ्रान्ससारखं नाही. सरकारच्या धोरणाविरुद्ध राजकीय संप इथे चालत नाही, संप फक्त पगार-तास वगैरे कराराच्या बोलण्यांसाठी, आणि करार चालू असेपर्यंत शांतता पाळायची. सरकारी नोकरीत जे बेआम्टं म्हणतात, म्हणजे कायम सरकारी अधिकारी, शिक्षकांपैकी पण बरेच, त्यांना संपाचा हक्कच नाही. तरीपण २७ मार्च २०२३ ला व्हेर्डी आणि इव्हीजी या दोन युनियननी मिळून एका दिवसात रेल्वे, विमानतळ, बस सगळं थांबवलं होतं, मी फ्रँकफर्टला अडकलो होतो आणि तेव्हा मी पण ग्रुपवर भरपूर शिव्या घातल्या होत्या.

पण २०२४ चं उदाहरण मला फार आवडतं. रेल्वे ड्रायव्हरांच्या युनियनने जानेवारीत सहा दिवसांचा संप पुकारला, लोक प्रचंड वैतागले. मार्चमध्ये करार झाला, आठवड्याला ३८ तासांवरून २०२९ पर्यंत ३५ तास, पगार न कापता. आमच्या कंपनीत लगेच चर्चा सुरू झाली की आपल्याला का नाही. एकाने मिळवलं की बाजूच्याला मागायची हिंमत येते.

आपल्या मराठी मंडळींबद्दल मधुरा म्हणते ते शंभर टक्के. इथे कामगार प्रतिनिधी मंडळ असतं, निवडणूक होते, आपल्याला मताचा हक्क असतो, उभं राहता येतं. आमच्या ऑफिसात भारतीय पन्नासच्या वर, मत द्यायला येतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. विचारलं तर म्हणतात आपण पाहुणे, कशाला भानगडीत पडा. दहा दहा वर्षं टॅक्स भरतोय, घर घेतलंय, पोरं जर्मन बोलतात आणि अजून पाहुणे?

वेदवती

@राईनकाठी, व्हिसाची भीती खोटी नसते हो. नोकरी गेली तर ठराविक मुदतीत दुसरी शोधा नाहीतर चालते व्हा. घराचा हप्ता, भारतात आईबाबांचं औषधपाणी, सगळं एका पगारावर. त्यात युनियनमध्ये नाव कोण घालणार? तुम्ही कायम परवान्यावर असाल म्हणून बोलताय.

---

सिस्टर_अनघा

मी नर्स, आधी मुंबईत एका मोठ्या हॉस्पिटलात, आता इंग्लंडमध्ये. वेदवती, तुझ्याच मुद्द्यावर लिहिते. डिसेंबर २०२२ मध्ये आरसीएन या नर्सेसच्या संघटनेने संप केला, १०६ वर्षांच्या इतिहासात असा देशव्यापी संप पहिल्यांदा. १५ आणि २० डिसेंबर. आमच्या वॉर्डात केरळच्या, फिलिपिन्सच्या, झिम्बाब्वेच्या मुली होत्या, आम्ही मराठी दोघी. सगळ्यांचा व्हिसा हॉस्पिटलच्या स्पॉन्सरशिपवर. पहिला प्रश्न हाच की संप केला तर परत पाठवतील का. तर नाही. कायदेशीर संपातली गैरहजेरी व्हिसाच्या विनापगार रजेत मोजत नाहीत असा नियम २०१८ पासून आहे. आमच्या प्रतिनिधीने तो कागद प्रिंट करून स्टाफरूममध्ये फ्रीजच्या दारावर लावला. मी तो वाचला, फोटो काढून नवऱ्याला पाठवला आणि गेले.

पेशंटचं काय असं सासूबाईंनी फोनवर विचारलं, सगळेच विचारतात. केमोथेरपी, डायलिसिस, आयसीयू संपातून वगळलेलं होतं. माझी एक मैत्रीण आयसीयूत होती ती संपाच्या बाजूची असूनही कामावर होती. बाहेर आम्ही थंडीत उभ्या, गाड्यावाले हॉर्न वाजवून पाठिंबा देत होते, एका आजोबांनी चहाचा थर्मास आणून दिला.

लोक म्हणतात पगारासाठी संप. पगार होताच, पण रात्रपाळीला एका नर्सकडे किती पेशंट हा खरा विषय होता. मुंबईत मी ज्या वॉर्डात काम केलं तिथे एकीकडे तीस-चाळीस पेशंट असायचे आणि आम्ही कधी तोंड उघडलं नाही.

आणि एक, इथे आपल्या आधीच्या बायकांनी वाट केली आहे. लंडनला विल्सडेनमध्ये ग्रनविक म्हणून फोटो धुण्याचा कारखाना होता, तिथे ऑगस्ट १९७६ मध्ये जयाबेन देसाई बाहेर पडल्या आणि दोन वर्षं संप चालवला. बहुतेक बायका पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती, साड्या नेसून पिकेटवर, म्हणजे गेटबाहेर निदर्शनांना उभ्या राहायच्या. त्या हरल्या, युनियनची मान्यता मिळाली नाही. पण त्यांच्यासाठी गोऱ्या खाणकामगारांचे जथे लंडनला आले होते, हे त्याआधी कोणी बघितलं नव्हतं.

राईनकाठी

अनघाताई, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका प्लीज.

---

दापोलीकर

युरोपच्या गप्पा ठीक आहेत. आमच्या कोकणातले निम्मे परदेशी गेलेले गल्फमध्ये आहेत, त्यांना कोणी एनआरआय धाग्यात विचारत नाही. माझा भाऊ दुबईला बांधकामावर फोरमन होता, आता कतारला. युएईत कामगाराला संप बेकायदा, युनियन नाही. पगार तीन महिने थकला म्हणून कॅम्पवरची माणसं एका सकाळी बसमध्ये चढलीच नाहीत, दोन दिवसात पगार निघाला पण पुढे उभे होते त्या चौघांना विमानात बसवून घरी पाठवलं. भाऊ सांगतो त्यातला एक चिपळूणकडचा होता, कर्ज काढून गेला होता.

सुधारणा झाल्यात, नाही असं नाही. युएईत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम बंद. कतारने २०२० मध्ये मालकाच्या एनओसीशिवाय नोकरी बदलायला परवानगी दिली, २०२१ पासून किमान वेतन १००० रियाल लागू केलं. पण हे आलं बाहेरच्या दबावामुळे, वर्ल्ड कप होता, जगभर बोंब झाली. कामगाराच्या हातात काही नाही, वरून दिलं ते वरून काढून पण घेता येतं. हक्काने मिळालेलं आणि वरून दिलेलं यातला फरक आमच्या गावातल्या प्रत्येक घराला माहीत आहे, फक्त लिहायला कोणी नाही.

मधुरा_परळ

दापोलीकर, मनापासून आभार. वरच्या लेखात हे यायला हवं होतं तेवढं महत्त्वाचं आहे.

---

विहंग_दादर

समाजसुधारणा आणि संप हे आपल्याकडे वेगळे कधीच नव्हते हे कोणीतरी लिहायला पाहिजे म्हणून लिहितो. नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक, दीनबंधू वर्तमानपत्राचे संपादक, १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. रविवारची सुट्टी १० जून १८९० ला मिळाली ती त्यांच्यामुळे. त्याच लोखंड्यांनी न्हावी समाजाला उभं करून विधवांचं केशवपन करणार नाही असा संप करवला. हातातलं काम नाकारून समाज बदलायचा हा रस्ता मुंबईने तेव्हाच दाखवलाय.

आणि उलट बाजू पण. १९२८ चा गिरण्यांचा मोठा संप सहा महिने चालला, त्यावेळी बाबासाहेबांनी विचारलं की साचाखात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश का नाही. धोट्यात (मागावर आडवा धागा नेणारं साधन) धागा भरताना तोंडाने ओढायला लागायचा म्हणून सवर्ण कामगार त्यांना बाजूला उभं राहू देत नव्हते, आणि साचाखात्यातच पगार जास्त. कामगार एक आहेत म्हणणाऱ्यांना हा प्रश्न फार उशिरा पटला. पुढे १९३८ साली संपावर बंधनं घालणारं विधेयक आलं तेव्हा ७ नोव्हेंबरला बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. म्हणजे संपात कोण आत, कोण बाहेर हे विचारलंच पाहिजे, आणि विचारणारा माणूस संपाच्या विरोधातच असतो असं नाही.

फ्रान्समध्ये या बाबतीत काय आहे मधुराताई? बाहेरून आलेले युनियनमध्ये असतात का?

मधुरा_परळ

@विहंग, फ्रान्समध्ये युनियनचे सभासदच कमी आहेत, दहा टक्क्यांच्या आसपास. पण करार सगळ्यांना लागू होतात, सभासद असो नसो, त्यामुळे नव्वद टक्क्यांहून जास्त कामगार कुठल्या ना कुठल्या सामूहिक कराराखाली येतात. म्हणून तर आपल्यासारख्यांना काही न करता फायदा मिळतो आणि तो कुठून आला ते कळत नाही. अनेक कागदपत्रं नसलेले लोक बांधकामावर, हॉटेलांत राबतात, त्यांनी पण संप केलेत, परवाना मिळावा म्हणून, आणि सीजीटी त्यांच्या बाजूने उभी राहिली. ते लोक जास्त करून माली, सेनेगलकडचे. आपली माणसं त्यात मी तरी बघितली नाहीत.

---

गिरणगाव_जुना

मी ७४ वर्षांचा आहे, नातू टाईप करून देतोय. मी बदली कामगार (गैरहजर माणसाच्या जागी घेतलेला) म्हणून लागलो, १९८२ ला कायम होतो. पोरी, तुझे आजोबा साचाखात्यात म्हणजे पगार बरा असणार, मी कताईत.

संप कसा होता ते सांगतो. पहिले दोन-तीन महिने सगळ्यांना वाटत होतं मिटेल. मग खोलीतली माणसं एकेक करून गावाला गेली, आमच्या खोलीत चौदा जण होतो, पावसाळ्यात तिघे उरलो. खानावळवाल्या बाईने पाच महिने उधारीवर जेवू घातलं, तिचे पैसे मी पुढे भागवले पण सगळ्यांनी भागवले नसतील. बायकोने गळ्यातलं मोडलं. डॉक्टर सामंतांवर माझा राग नाही. त्यांनी कोणाचे पैसे खाल्ले नाहीत. पण थांबायचं कुठे हे कोणालाच कळलं नाही आणि मधे पडून बोलणारा कोणी नव्हता, तू तो कायदा लिहिलास तो अगदी बरोबर आहे, आमच्या गेटवर तेच बोललं जायचं, आमचा माणूस आम्हाला निवडू द्या. संप मागे घेतला असं आजपर्यंत कोणी जाहीर केलेलं नाही.

मालकांना गिरणी नको होती, जमीन पाहिजे होती. १९९१ ला गिरण्यांच्या जमिनीचा नियम आला तेव्हा एक भाग मालकाला, एक पालिकेला, एक म्हाडाला असं ठरलं होतं. २००१ ला तो बदलला आणि फक्त मोकळ्या जागेची वाटणी करायची म्हणाले. आमच्या वाट्याला काय राहिलं ते लोअर परळला उतरून बघा.

साधा_प्रवासी_डोंबिवली

काका, नमस्कार. तुमचं वाचून वर लिहिलेलं मागे घेत नाही पण हा कायद्याचा भाग मला खरंच माहीत नव्हता. आमच्या घरी फक्त सामंतांनी वाटोळं केलं एवढंच ऐकलंय.

आता नवीन काय आहे मग? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड (नवे कामगार कायदे) लागू झालेत, त्यात पण नोटीस आहेच ना, ताई म्हणतात तसे नियम आले की.

मधुरा_परळ

नियम आलेत पण एकाच बाजूने आलेत असं माझं मत. आधी १४ दिवसांची नोटीस पाणी, वीज अशा सार्वजनिक सेवांपुरती होती, आता प्रत्येक कारखान्याला, आस्थापनेला. शिवाय सलोख्याची बोलणी चालू असताना संप करायचा नाही, म्हणजे नोटीस दिली की बोलणी सुरू आणि बोलणी सुरू की संप बंद. पन्नास टक्के लोकांनी मिळून एका दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संप धरणार. फ्रान्समध्ये ५ दिवसांची नोटीस सार्वजनिक सेवेला, खाजगी कंपनीतल्या कामगाराला बहुतेक वेळा नोटीसच लागत नाही, मागण्या मालकाला कळवल्या की झालं. आणि एका युनियनकडे ५१ टक्के सभासद असतील तर वाटाघाटी करणारी तीच एकटी. काकांच्या गेटवरचा प्रश्न परत येणार नाही याची खात्री मला तरी वाटत नाही, उद्या कामगार दुसरीकडे गेले तर ती मान्यता किती लवकर बदलता येणार हे बघायला लागेल.

२०२३ च्या मार्चमध्येच आपल्याकडे सरकारी कर्मचारी 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत संपावर होते, १४ ते २० मार्च, आठवतंय? १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही म्हणून. त्याच आठवड्यात पॅरिसमध्ये तेच चाललं होतं. इकडच्या संपाला माझ्याच एनआरआय ग्रुपने कामचुकार म्हटलं आणि तिकडच्यालाही. दोन्हीकडे म्हातारपणाचा प्रश्न होता. आणि फ्रान्सचं पुढे काय झालं, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये पंतप्रधान लेकोर्नू यांनी ती ६४ ची वाढ २०२७ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीपर्यंत स्थगित करायची घोषणा केली. अडीच वर्षांनी. २०२३ मध्ये हरले हरले म्हणणारे सगळे माझ्याच ग्रुपवर होते.

वेदवती

अनघा, तो २०१८ चा नियम फक्त नर्सेसना की आयटीवाल्यांना पण? इथे आमच्या ऑफिसात परत युनियनची चर्चा चालू झालीय.

सिस्टर_अनघा

स्पॉन्सर असलेल्या सगळ्या कामगारांना. फक्त संप कायदेशीर पाहिजे, म्हणजे नियमाप्रमाणे मतदान झालेलं, किती टक्के मतदान झालं पाहिजे आणि किती दिवस आधी मालकाला कळवायचं हे सगळं बघायचं. आधी युनियनची सभासद हो, मग प्रतिनिधीकडून लेखी घे, तोंडी नको.

गिरणगाव_जुना

नातू विचारतोय अजून काही लिहायचंय का. ९ जुलै २०२५ ला आम्ही आझाद मैदानात होतो, गिरणी कामगार आणि वारस, मुंबईतच घर पाहिजे म्हणून. मुंबईबाहेर शेलू, वांगणीला देतो म्हणतात. अर्ज दीड लाखाच्या वर आहेत, घरं मिळाली ती जेमतेम पंधरा-सोळा हजारांना. या धाग्यावर परळ, लालबाग, काळाचौकीतल्या कोणाच्या घरी अर्ज भरलेला असेल आणि वारसाचं नाव लावायचं राहिलं असेल तर कागद घेऊन लवकर लावून घ्या, माझ्या दोन सोबत्यांचे तसेच राहिले.